काळ्या आरशातली तिरकी सावली

उस्तादांच्या घरात पंखा लावायचा की नाही, हे आरसा ठरवायचा. तपासणी असेल त्या दिवशी पंखा बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघराचं दार बंद आणि वहिनींचं तोंडही बंद. हवा हलली की सावली हलते, असं उस्तादांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. पण वहिनींच्या बोलण्याने हवा अशी कितीशी हलणार होती, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही.

उस्ताद हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं होतं. दुर्बिणींच्या त्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी आरसे घासले आणि चकाकवले. धाकटा भाऊही तिथेच लागला, त्याने येताजाता ‘वहिनी, वहिनी’ केलं म्हणून उस्तादांची बायको सगळ्या कारखान्याची वहिनी झाली. पुढे कारखाना बंद पडला, माणसं पांगली, नावं मात्र चिकटून राहिली. आता घरी उस्तादगिरी चालवायला एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस निमूटपणे सगळं करत होतं.

काम चालायचं मधल्या लांबट खोलीत. एका टोकाला लाकडी घोडीवर आरसा उभा असायचा, जेवणाच्या ताटाएवढा आणि दोन इंच जाड. दुसऱ्या टोकाला, दहा फुटांवर, एका स्टुलावर पत्र्याच्या डब्यात छोटा दिवा. डब्याला सुईने पाडलेलं भोक. भोकातला उजेड आरशावर जाऊन परत यायचा, आणि परत येताना जिथे एका बिंदूत गोळा व्हायचा तिथे दाढीचं ब्लेड उभं केलेलं. ब्लेडमागे डोळा लावून बसायचं आणि स्क्रू फिरवत ब्लेड केसाकेसाने आत सरकवायचं. मग आरशावर सावली चढते. पृष्ठभागावर केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटा असला तरी त्या सावलीत तो डोंगरासारखा दिसतो. हा डोळा लावायचं काम वहिनींकडे होतं, कारण उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या बरोबर मधोमध काळा डाग पडला होता. कडेकडेने त्यांना दार दिसायचं, भिंत दिसायची, वहिनींचा पदर दिसायचा. ज्याच्याकडे बघावं ते मात्र दिसायचं नाही.

तर वहिनी बघायच्या आणि उस्ताद विचारायचे. तीन प्रश्न, दर वेळी तेच, त्याच क्रमाने.

“कड?”

“किंचित खाली.”

“मध्य?”

“सपाट.”

“वळ?”

“नाही. एकही नाही.”

हे तीन प्रश्न त्यांनी मनाने काढलेले नव्हते. कारखान्यात आरसा घासून झाला की तो तपासणीच्या खोलीत जायचा आणि तिथून चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर तीन रकाने, कड, मध्य आणि वळ, म्हणजे घासताना पृष्ठभागावर उठलेले गोल कंगोरे. बाकी सगळं तपासणारे आणि इतर खात्यांतले लोक आपापसात निस्तरायचे. काचेची चकती मुळात बाहेरून पारखून आलेली, तिची पाठ दुसऱ्याच खात्यात सपाट झालेली. उस्तादांपर्यंत यायचा तो तीन रकान्यांचा कागद. चाळीस वर्षं त्यांनी आरशाकडे त्या तीन रकान्यांतून पाहिलं आणि कारखान्यातला कुणी त्यांच्याहून चांगला आरसा देऊ शकला नाही. मग चौथा रकाना असेल, असं त्यांच्या मनात कशाला येईल?

पहिल्याच तपासणीला वहिनी बोलायला गेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ब्लेड आत सरकवल्यावर त्यांना त्या काळ्या पृष्ठभागावर जे काही दिसलं, त्याने त्या हरखूनच गेल्या. “अहो, काय सुंदर दिसतंय, साय धरल्यासारखं, आणि ही सावली जरा तिर...” एवढं म्हणेपर्यंत उस्तादांचा पारा चढला. “कविता नको. विचारलं तेवढंच सांग.” वहिनींनी तोंड मिटलं. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली, तोंड कधी मिटायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. त्या दिवशी उस्तादांनी जे विचारलं त्याची उत्तरं त्यांनी वहीत लिहिली. पुढे प्रत्येक तपासणीची लिहिली. वळणदार अक्षर, खाडाखोड नाही. सावली तिरकी येते हे त्या वहीत कुठेच नव्हतं, आणि महिन्याभरात वहिनींना स्वतःलाही ते वेगळं वाटेनासं झालं. काळ्या दगडावर सावली तिरकीच येत असेल, असं त्या धरून चालल्या.

दगड म्हणायचं खरं, पण होती ती काचच. ज्वालामुखीतून वाहून आलेली आणि आपोआप गोठलेली काळी काच. दीर टेकडीवरच्या दुर्बिणीची देखभाल करायचा. शाळेतली मुलं, शिक्षक, हौशी लोक तिथे येत. तिचा जुना आरसा डागाळून, चरे पडून निकामी झाला होता आणि नवी चकती मिळण्याची आशा नव्हती. एकदा कुठल्याशा रस्त्याच्या कामावर डोंगर फोडलेला त्याला दिसला आणि त्यात ही काच. दोन माणसांना उचलेना असा तुकडा तो गाडीत घालून घेऊन आला. “दादा, याचा होईल का रे आरसा?” त्याने सहज विचारलं होतं.

उस्तादांनी तुकड्यावरून हात फिरवला. आरशाला काच पारदर्शक लागतच नाही. वरच्या अंगावर चांदीचा पातळ थर चढवायचा, उजेड तिथूनच परत फिरतो. खालची काच काळी असो की हिरवी, तिचं काम फक्त आकार धरून ठेवणं. “होईल,” उस्ताद म्हणाले. “पण पोटात ताण असला तर खेळ खलास.” साधी काच दोन खास पडद्यांमध्ये धरली की तिच्यातला ताण रंगीत पट्ट्यांनी दिसतो. काळ्या काचेतून उजेडच पार जात नाही, मग तिच्या पोटात डोकावणार कसं? ही एकच भीती उस्तादांच्या मनात पहिल्या दिवसापासून घर करून होती. ते रोज पृष्ठभागावर तळवा ठेवून म्हणायचे, “बाई, सांभाळून घे.” इतक्या लाडाने त्यांनी घरातल्या बाईला कधी हाक मारल्याचं वहिनींना आठवत नव्हतं.

आणि तरीही त्या दगडावर वहिनींचाही जीव जडला होता. कारण दुसरं काही उरलंच नव्हतं. उस्तादांचं हृदय निम्म्या ताकदीनेही चालत नव्हतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, हे वर्ष निघेल, पुढचं मी बोलत नाही. कारखान्यातून उस्तादांच्या हातचे शेकडो आरसे गेले, एकावरही त्यांचं नाव नाही. हा एक त्यांच्या नावाने टेकडीवर बसणार होता. पाठीवर नाव कोरून घ्यायचं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली होती. पावलं टाकताना धाप लागणारा माणूस डांबराच्या गोल पॉलिशरवर लाल पूड लावून आरशावर तासतासभर हात चालवायचा, मध्ये मध्ये खुर्चीला टेकायचा आणि पुन्हा उठायचा. रविवारी दीर आरसा न्यायला येणार होता.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. उस्ताद आत झोपले होते. वहिनी ओले हात पुसत फोनवर आल्या.

“वहिनी, झालं का सगळं?”

“झालं म्हणतायत. कड किंचित खाली आहे, पण चालेल म्हणाले. मध्य सपाट, वळ नाहीत.”

“झकास. आणि सावली सरळ येते ना? उभ्या रेघेत?”

“छे, तिरकी येते. नेहमीसारखी.”

फोन कटला की काय, म्हणून वहिनींनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

“वहिनी,” दीर हळू आवाजात म्हणाला, “नेहमीसारखी म्हणजे?”

“म्हणजे पहिल्यापासून. वरून उजवीकडे कलते.”

“दादाला सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही.”

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर वहिनींना ते कसं ऐकू येतंय ते कळलं.

दिराने समजावून सांगितलं. घाबरवायला नको म्हणून तो फार सावकाश बोलत होता, त्यामुळे त्या जास्तच घाबरल्या. आरशाच्या कडेवर खडूची खूण आहे ना, ती कायम वर असते? असते. ती खूण पाव फेरा फिरवून बाजूला न्यायची. तासभर थांबायचं, हाताची ऊब आरशातून जाऊ द्यायची. मग बघायचं. सावली पहिल्याच बाजूला कलली तर घोडी वाकडी आहे, दिवा वाकडा आहे, काही बिघडलेलं नाही. पण कल दुसऱ्या बाजूला गेला, तर वाकडेपणा आरशात आहे.

“आणि आरशात असला तर?”

“तर त्यातून चांदणी ठिपक्यासारखी दिसणार नाही, वहिनी. फरफटलेली दिसेल. कशीही दुर्बीण लावा.”

वहिनींनी आजवर आरशाला हात लावला नव्हता. मधल्या खोलीत जाऊन त्यांनी आधी हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. आरसा घोडीवर दोन खुंट्यांना टेकून होता. दोन्ही तळवे कडांना धरून त्यांनी तो हळूहळू फिरवला. जडशीळ होता, पण फिरला. खडूची खूण वरून बाजूला आली. मग त्यांनी दार ओढून घेतलं, आणि बाहेर बसून दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या. घड्याळात तास झाला. घोडी वाकडी असू दे, त्या मनात म्हणत होत्या. त्या घोडीचा एक पाय खरोखरच आखूड होता, त्याच्याखाली त्यांनी स्वतः पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. त्यामुळे आशेला जागा होती.

त्यांनी खिडकीवर कांबळं ओढलं, दिवा लावला, स्टुलावर बसल्या आणि ब्लेड आत सरकवलं. सावली चढली. वरून डावीकडे कललेली, अगदी आरशात बघून काढल्यासारखी उलटी.

वहिनींनी स्क्रू मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. डोळा बदलला. डावीकडेच. दोन वर्षं त्या ज्याच्याकडे बघत होत्या ते आज त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

“आज तपासणी नाही ना?” दारातून आवाज आला. उस्ताद चौकटीला धरून उभे होते. “स्टूल वाजलं. काय करतेस?”

सांगावं की नाही, हा विचार वहिनींच्या मनात आला. नाही कशाला म्हणायचं, चांगला ठाण मांडून बसला. पण रविवारी आरसा जाणार, दीर चांदी चढवून दुर्बिणीत बसवणार, लोक डोळा लावणार आणि मागे उस्तादांचं नाव. त्यांना ते सहन होईना.

“मी आरसा पाव फेरा फिरवला,” त्या म्हणाल्या. “सावली तिरकी येते. आधी उजवीकडे कलायची, फिरवल्यावर डावीकडे कलली.”

ओरडा बसेल म्हणून त्यांनी अंग चोरलं. उस्ताद ओरडले नाहीत. भिंतीला हात लावत ते खुर्चीपर्यंत आले आणि बसले. धाप ओसरेपर्यंत थांबले.

“पुन्हा सांग. आधी कुठे?”

“उजवीकडे.”

“मग?”

“डावीकडे.”

“तास थांबली होतीस?”

“घड्याळ लावून.”

त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं वहिनींना त्या अर्धवट उजेडातही दिसलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

“केव्हापासून?”

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. ते वहिनींच्या ओठांवर आलंही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं उभी राहिली. तो पॉलिशर, लाल पुडीने माखलेली नखं, खुर्चीला टेकून मोजलेले श्वास, बाई सांभाळून घे. पहिल्यापासून म्हणायचं म्हणजे हे सगळं पहिल्या दिवशीच फुकट गेलं होतं असं म्हणायचं. शेवटचं वर्ष हातात असलेल्या माणसाला हे सांगायचं? आणि खोटं कशाला बोला, थोडी भीती स्वतःसाठीही होती. तोंड त्यांनी मिटायला लावलं खरं, पण मिटलेलं ठेवलं कुणी?

“महिनाभर झाला असेल,” त्या म्हणाल्या. “आधी सरळ यायची.”

उस्तादांनी डोळे मिटले. “मग पोटातलाच ताण,” ते म्हणाले. “ज्याची भीती होती तेच. वरची कातडी काढत गेलो, आणि आता आतून सुटायला लागलाय. त्याला इलाज नाही.” मग ते जरा हसल्यासारखं करून बोलले, “पहिल्या दिवसापासून असती ना तिरकी, तर मी उड्या मारल्या असत्या.”

“म्हणजे?”

“अगं, पहिल्यापासून असती तर दोष दगडाचा नाही, माझा. पाठ मी कधी घासलेली नाही, ते खातं वेगळं होतं. ही घासली ती अंदाजाने. पाठीला कुठे नखाएवढा उंचवटा राहिला असेल, तर वरून हात चालवताना आरसा त्याच्यावर वाकतो आणि हात काढला की परत सरळ होतो. झाली सावली तिरकी. मग काय, पाठ नीट सपाट करायची आणि पुढचं अंग पुन्हा बारीक पुडीपासून धरायचं. सहा महिन्यांचं काम. तेवढा जोर आहे अजून माझ्यात.” त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, म्हणजे बघितल्यासारखं केलं. “पण जवळजवळ दोन वर्षं सरळ राहून आता तिरकी व्हायला लागली, म्हणजे दगडच हलतोय. त्याला हात लावायचा नाही. जितकं घासशील तितका जास्त सुटेल, तडकेलसुद्धा. नुसतं ठेवून द्यायचं. दोन वर्षं, तीन वर्षं. बसला तर बसला.”

ज्या उत्तराने हा माणूस मोडेल असं वहिनींना वाटलं होतं, त्याच उत्तरात त्याचे सहा महिने होते. त्या स्टुलावरून उठल्या आणि खुर्चीजवळ खालीच बसल्या.

“अहो, मी खोटं बोलले. पहिल्यापासूनच होती. पहिल्या दिवशी मी सांगायला गेले, तर तुम्ही म्हणालात विचारलं तेवढंच सांग. तेव्हापासून तशीच आहे. एक दिवस सरळ आली नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून महिना म्हणाले. पाठच आहे ती. उद्या सुरुवात करू या.”

उस्तादांनी चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी केव्हा ठेवला होता, वहिनींना आठवेना. लग्नात ठेवला असेल, तोही कुणी सांगितलं म्हणून.

“असू दे,” ते म्हणाले. “समजतं मला.”

“काय समजतं? मी खरं सांगतेय.”

“मी इलाज सांगितला, आणि लगेच तुझ्या तोंडून बरोबर त्याच इलाजाचा रोग बाहेर आला. मी आधी विचारलं तेव्हा महिना म्हणालीस. तेव्हा तुला कुठे ठाऊक होतं काय बरं आणि काय वाईट? म्हणून ते खरं. आता ठाऊक झालंय.”

“देवाशप्पथ, पहिल्यापासून!”

“वही काढ,” ते शांतपणे म्हणाले. “पहिलं पान वाच.”

वहिनींनी वही काढली. अक्षर त्यांचंच. कड खाली. मध्य उंच. वळ दोन. त्यांनी पुढचं पान वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. तिरकं हा शब्द शोधत त्या पानं उलटत गेल्या, जणू तो कुणी रात्रीतून येऊन लिहून ठेवला असेल. दोन वर्षांच्या वहीत तो नव्हता.

“बघ,” उस्ताद म्हणाले. “पहिल्यापासून असती तर तुझ्यासारखी बाई लिहायची राहिली असती? अडतीस वर्षांत तू माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोललीस आणि तेही माझ्यासाठी. मला राग नाही.”

वहिनींनी मग काय काय केलं नाही? शप्पथा घातल्या, रडल्या, भांडल्या. पाठीला पट्टी लावून बघा म्हणाल्या. उस्ताद म्हणाले, पट्टीला दिसेल एवढा उंचवटा मी ठेवला असता का? हे कळायला पाठ घासूनच बघायला हवी, आणि दगड हलता असेल तर त्यातच संपेल. असा दगड पुन्हा मिळणार नव्हता, तो ते पणाला लावायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं असं पक्कं होतं की त्यात नख शिरायला जागा नव्हती. फक्त पाया खोटा होता, आणि तो वहिनींनी घातला होता.

शेवटची आशा दीर. त्याला वहिनींनी फोनवर सगळं सांगितलं आणि रविवारी तो आल्या आल्या बोललाही. “दादा, मी स्वतः ऐकलंय. गुरुवारी वहिनी म्हणाल्या, नेहमीसारखी, पहिल्यापासून. तेव्हा त्यांना कशातलं काही माहीत नव्हतं.”

“गुरुवार आणि आज यांच्यात तुमचं दोघांचं किती वेळा बोलणं झालं?” उस्तादांनी विचारलं.

दिराने मान खाली घातली. खोटं त्याला जमत नसे.

“तिने पढवलं आणि तू आलास. अरे, म्हातारा मरायला टेकलाय म्हणून त्याला खुळखुळा देताय होय रे? माझ्याच धंद्यात मला फसवाल?” आवाज चढला तशी धाप लागली. ओठ निळसर झाले. वहिनींनी पाणी आणलं, दिराने पाठ चोळली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या विषयावर त्या घरात पुन्हा कुणी बोलायचं नाही हे न बोलता ठरलं.

श्वास जागेवर आल्यावर उस्ताद निवळले. उलट जरा खुलल्यासारखे झाले, आणि भावाला सांगायला लागले, “पण नजर बघ हिची. महिन्याभरात धरला दोष. मी प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. कारखान्याच्या तपासणीतल्या एकालाही जमलं नसतं. मीच मूर्ख, तीन रकान्यांत अडकून पडलो.” बायकोचं कौतुक त्यांनी चारचौघांत कधी केलं नव्हतं. आज केलं ते असं. वहिनी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्या चहा खाली ठेवायला विसरल्या.

मग आरसा बांधायला घेतला. उस्तादांनी स्वतः मऊ फडकं गुंडाळलं, त्यावर जाड कापड, वरून लाकडी खोका. नाव कोरायचं नाही म्हणाले, पुरा न झालेल्या कामावर कशाला नाव? फक्त आत एक कागद ठेवायचा. पुढे कुणी हातात घेईल त्याच्यासाठी. वहिनी कागद-पेन घेऊन बसल्या आणि उस्ताद सांगू लागले.

“लिही. या दगडाच्या पोटात ताण आहे. सावली आधी सरळ होती, गेल्या महिन्यापासून तिरकी झाली. दगड स्वस्थ होईपर्यंत घासू नये. वाट पाहावी.”

वहिनींनी लिहिलं. सावली पहिल्या दिवसापासून तिरकी आहे. दगडात दोष नाही. पाठ सपाट करून पुन्हा घासावा. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. दीर त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. कागदावरची गोष्ट खरी होती आणि ती करू शकेल असा हात त्याच्या ओळखीत एकच उरला होता. तो हात आता खोक्याच्या झाकणावर निवांत पडला होता.

“लिहिलंस?”

“हो.”

“वाच.”

वहिनींनी कागद समोर धरला आणि वाचलं, “या दगडाच्या पोटात ताण आहे. सावली आधी सरळ होती, गेल्या महिन्यापासून तिरकी झाली. दगड स्वस्थ होईपर्यंत घासू नये. वाट पाहावी.”

उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं. “छान,” ते म्हणाले. “पुन्हा एकदा वाच, सावकाश.” वहिनींनी पुन्हा वाचलं, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ न देता.